सुगंधी मेणबत्तीची वात: ७.५ सेमीच्या ग्लासला किती जाड घ्यावी?

ओवळां
नमस्कार. घरी केलेल्या सुगंधी मेणबत्तीच्या वातीबद्दल विचारायचं आहे. आधी मापं देते, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

ग्लास सरळ भिंतींचा, आतून ७.५ सेमी रुंद, ८ सेमी उंच. बरण्यांसाठी मिळतं ते सोया मेण २४० ग्रॅम. मोगऱ्याचं सुगंधी तेल १९ ग्रॅम, म्हणजे मेणाच्या ८ टक्के. रंग नाही. वात सुती, मेण चढवलेली, खाली पत्र्याची चकती. पाकिटावर "मध्यम, ६ इंच" एवढंच छापलंय.

चार तास जळल्यावर मधोमध ५ सेमीची विहीर पडते आणि कडेला सव्वा सेमी मेण तसंच उभं राहतं. ज्योत जेमतेम दीड सेमी. अगदी जवळ गेल्याशिवाय वास येत नाही.

वात जाड घ्यायची की दोन लावायच्या? आणि किती जाड हे ठरवतात कसं? नेटवरचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माप पक्कं करायचं आहे.

सत्तरीकर
वात बारीक पडतेय. लहान ज्योत आणि कडेची भिंत, दोन्ही खुणा तेच सांगतात. एक नंबर वर जा, म्हणजे जाडीत एक पायरी वरची वात घ्या.

बार्देसचा बाबू
दोन वाती लावा की. ७.५ म्हणजे ग्लास रुंदच झाला. ज्योती दोन असल्या की सुगंधही दुप्पट.

गंधसार
बाबूबाब, ७.५ ला दोन नकोत. दोन्ही ज्योती एकमेकींना तापवतात, मधलं मेण उकळायला येतं आणि काजळी धरते. साधारण ९ सेमीपर्यंत एकच वात पुरते, त्यापुढे दोनचा विचार करावा.

ओवळां ताई, तुमच्या पाकिटावरचं "६ इंच" ही लांबी आहे. ज्योत किती मोठी होईल याच्याशी लांबीचा काही संबंध नाही, ती आपण कातरून टाकतोच. बरेच विक्रेते साइज म्हणून लांबीच लिहितात आणि इथेच पहिली फसगत होते. हवी असते ती जाडी, विणीची पद्धत आणि धाग्यांची संख्या.

आता वात करते काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मेणबत्तीत जळतं ते मेण, वात फक्त ते वर ओढते. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. वात जाड असली तर ताशी जास्त मेण वर चढतं, ज्योत मोठी होते आणि वितळलेल्या मेणाचं तळं रुंद होतं. वात बारीक असली तर तळं लहान राहतं आणि विहीर पडते. सुगंधही मुख्यतः त्या तळ्याच्या पृष्ठभागावरून सुटतो, ज्योतीतून नाही. म्हणून विहीर पडली की वासही येत नाही. तुमच्या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे.

तळ्याचं माप असं धरतात: रुंदीच्या दर इंचाला अंदाजे एक तास. तुमचा ग्लास तीन इंचांचा, तेव्हा तीन ते चार तासांत तळं काठाजवळ पोचावं. खोली ६ ते १२ मिलिमीटर. त्याहून खोल गेलं तर वात मोठी आहे.

फोंड्याची माई
रुंदीचं गणित फसवं असतं, तेवढं ध्यानात घ्या. ६ सेमीच्या ग्लासचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेमी. ७.५ सेमीचं ४४. ९ सेमीचं जवळजवळ ६४. रुंदी दीड सेमीने वाढली की वितळवायचं मेण दीडपटीवर जातं. म्हणून "ग्लास थोडासाच मोठा आहे, तीच वात चालेल" असं होत नाही.

माप घ्यायचं ते आतून. जाड काचेच्या ग्लासची बाहेरची रुंदी ८.५ आणि आतली ७.५ असू शकते, आणि तेवढ्याने वातीचा अख्खा नंबर बदलतो. व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी आत आडवी बसवून ती फुटपट्टीवर मोजा.

ओवळां
माप आतूनच घेतलंय, माई. पण पाकिटावर नंबरच नाही, तर माझी वात नक्की कितीची हे कळायचं कसं?

फोंड्याची माई
वातीचा तुकडा गरम पाण्यात घाला. मेण सुटून वर येईल. वात पुसा, वाळवा आणि वीण उलगडा. चपट्या विणीची वात वेणीसारखी तीन पेडांची असते. एका पेडातले धागे मोजा आणि तिनाने गुणा. पेडात आठ निघाले तर २४ धाग्यांची, दहा निघाले तर ३०, बारा निघाले तर ३६. विक्रेते "२४ प्लाय" म्हणतात ते हेच.

खांबासारख्या पॅराफिनच्या मेणबत्त्यांना सुरुवात म्हणून २४ ची वात ५ सेमीपर्यंत, ३० ची ५ ते ७.५ आणि ३६ ची त्यापुढे धरतात. हे पॅराफिनचं झालं. बरणीतल्या सोयाला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. सोया वितळलं की पॅराफिनपेक्षा दाट असतं, वातीतून चढायला जड जातं आणि सहसा एक-दोन नंबर वरची वात मागतं. मधमाश्यांचं मेण त्याहून हट्टी, ते वितळतंच ६२ ते ६४ अंशांना.

पेडण्याचा भाऊ
एक साधी शंका. समईची वात किंवा फुलवात का चालू नये? कापूसच तो.

सत्तरीकर
चालत नाही, भाऊ. समईत तेल आधीच पातळ असतं आणि वात काडीने पुढे सारायला, काजळी झाडायला माणूस असतो. मेणबत्तीच्या वातीला हे काम आपलं आपण करावं लागतं. विणलेल्या वातीत ताण एका बाजूला जास्त असतो, म्हणून जळताना टोक वाकतं, ज्योतीच्या बाहेरच्या गरम थरात जातं आणि तिथे जळून राख होतं. विणलेली वात १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेसने आणली. त्याआधी पिळाची वात असायची आणि मेणबत्ती जळत असताना ती कात्रीने पुन्हा पुन्हा कातरावी लागे. हाताने वळलेली कापसाची वात म्हणजे तीच पिळाची वात. ती वाकत नाही, सरळ वाढत राहते, टोकाला कोळसा साठतो आणि धूर होतो.

पेडण्याचा भाऊ
वा, हे माहीत नव्हतं. म्हणजे वात चुकली की वाताहत!

दर्यादेखणी
टोकाला कोळशाचा गोळा धरतो त्याला आम्ही अळमी, म्हणजे मश्रूम म्हणतो. पावसाळ्यातली अळमी ताटात हवी, वातीवर नको. 🙂 ती धरली की समजावं, वात जेवढं मेण ओढतेय तेवढं जळत नाहीये. कारणं चार: वात जाड, वात न कातरता पेटवली, सुगंधी तेल जास्त किंवा एका दमात चार तासांहून जास्त वेळ जाळली. म्हणून लगेच नंबर खाली आणू नका. आधी ५ ते ६ मिलिमीटरवर कातरून पुन्हा बघा.

सासष्टीकर
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण एक मुद्दा कोणी काढला नाही आणि गोव्यात तोच मोठा आहे. तक्ते बहुतेक परदेशी वात कंपन्यांचे. ते वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांवर बसवलेले असतात. आपल्याकडे चवथीच्या सुमाराला घरात २९-३० अंश असतात, मे महिन्यात ३३-३४.

बरण्यांचं सोया मेण साधारण ४८ अंशांना वितळतं असं धरा. वीस अंशांच्या खोलीत मेणाला २८ अंश चढायचे असतात. तीस अंशांच्या खोलीत फक्त १८. वितळताना लागणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच, पण तिथवर पोचायचं काम आपल्याकडे बरंच कमी, आणि भिंतीतून बाहेर जाणारी उष्णताही कमी. त्यामुळे तक्त्यातली वात इथे मोठी पडते. माझं ठाम मत आहे की तक्त्यात जो नंबर असेल त्याच्या एक खालून चाचणी सुरू करावी.

ओवळां ताई, तुमची "मध्यम" वात मात्र इतक्या गरम हवेतही विहीर पाडतेय, म्हणजे ती खरंच बारीक आहे. वर जा, पण एकदम दोन नंबर उडी मारू नका.

फोंड्याची माई
सासष्टीकर, हे अर्धंच पटतं. मेणबत्ती विकायची असेल तर घेणारा ती एसीत लावेल की बाल्कनीत, हे आपल्या हातात नाही. एसीच्या २३ अंशांत एक नंबर खालची वात पुन्हा विहीर पाडेल. मी तक्त्यातला नंबरच धरीन.

सासष्टीकर
माई, विहीर पडली तर मेण वाया जातं. वात मोठी झाली तर काच तडकते. दोन्हीतली एक चूक पत्करायची असेल तर मी विहीर पत्करीन.

गंधसार
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि वाद मिटतो तो चाचणीनेच. नीट चाचणी कशी घ्यायची ते सविस्तर लिहितो, कारण पहिलं जळणं बघून निकाल देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

एकाच मापाचे तीन ग्लास घ्या. मेण, तेल, ओतायचं तापमान सगळं एकच, फक्त वात बदलायची. एका मालिकेतले लागोपाठचे तीन नंबर घ्या. मालिका म्हणजे एकाच पद्धतीने विणलेल्या, जाडीप्रमाणे नंबर दिलेल्या वाती; सीडी, इको ही अशा मालिकांची नावं. सीडी मालिकेत ७.५ सेमी सोयासाठी १०, १२, १४ असे घेता येतील. इको मालिकेत ८, १०, १२. सीडीची १२ आणि इकोची १२ या दोन वेगळ्या वाती आहेत, नंबर सारखा म्हणून गल्लत करू नका. नेटवरचे तक्ते जुळत नाहीत त्याचं एक कारण हेच.

ग्लासवर नंबर लिहा, आणि रिकाम्या ग्लासचं वजनही लिहून ठेवा. ओतल्यावर सोयाला मुरायला, म्हणजे न पेटवता तसंच ठेवायला, १० ते १४ दिवस द्या. पॅराफिनला ३ ते ५ दिवस पुरतात. न मुरलेली सोया मेणबत्ती सुगंधही कमी देते आणि वेगळी जळते, म्हणून दुसऱ्या दिवशी घेतलेल्या चाचणीला अर्थ नाही.

मग वात ५-६ मिलिमीटरवर कातरायची. ग्लासचं वजन करायचं, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा चालतो. पंखा बंद, खिडकीचा थेट वारा नको, पण खोली कोंडायचीही नाही. चार तास जाळायचं आणि दर तासाला चार गोष्टी लिहायच्या: तळ्याची रुंदी, तळ्याची खोली (काडी बुडवून), ज्योतीची उंची, काजळी किंवा अळमी. विझवल्यावर पूर्ण थंड होऊ द्यायचं, निदान पाच-सहा तास. पुन्हा वजन. फरकाला चाराने भागलं की ताशी किती ग्रॅम मेण जळतं ते कळतं. या मापाच्या ग्लासला ४ ते ५ ग्रॅम बरं दिसतं.

आणि हे तळाशी एक सेमी मेण उरेपर्यंत दर वेळी करायचं. मेण खाली गेलं की ग्लासची भिंत वर उंच उभी राहते, वारा लागत नाही, उष्णता आत कोंडते. जी वात पहिल्या दिवशी अगदी बरोबर वाटते तीच शेवटच्या तिसऱ्या भागात भडकते. म्हणून पहिल्या जळण्यात कडेला ३ ते ५ मिलिमीटर मेण उरलं तर ते चांगलं लक्षण समजा. पुढच्या दोन-तीन जळण्यांत ते वितळून खाली येतं.

दर्यादेखणी
+१. शेवटचा परिच्छेद कोरून ठेवण्यासारखा आहे.

चाचणीत ग्लासलाही हात लावून बघा. तळाच्या बाजूला क्षणभरही धरवत नसेल तर ती वात बाद, ज्योत कितीही सुरेख दिसू दे.

ओवळां
कळलं. तिन्ही नंबर मागवते. आणखी एक: वास वाढवायला तेल ८ चं १० टक्के केलं तर?

गंधसार
नको, ताई. आधी वात ठरू दे. तेल वाढवलं की मेण वातीतून नीट चढत नाही, आणि तुम्ही पुन्हा जाड वातीकडे वळाल. मोगरा, चाफा, सुरंगी ही हलकी तेलं त्या मानाने सोपी. व्हॅनिला, अंबर, चंदन अशी जड तेलं वात चोंदवतात, त्यांना त्याच ग्लासात नंबर वरचा लागू शकतो. म्हणजे मोगऱ्याची ठरलेली वात व्हॅनिलाला आपोआप चालेल असं नाही. तेल बदललं की चाचणी नव्याने.

तेल वजनाने घाला, थेंब मोजून नको. आणि तेल मेणबत्तीसाठीचं आहे ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या. अगरबत्तीच्या सुगंधात पातळ करायला डीईपी (डायइथाइल थॅलेट) हे द्रावक घातलेलं असतं, ते मेणात नीट बसत नाही.

पेडण्याचा भाऊ
आणि केवडाजल, गुलाबजल?

गंधसार
मुळीच नाही. ते पाणी आहे. मेणात मिसळत नाही, तळाशी थेंब साठतात, वातीत शिरले की ज्योत तडतडते आणि विझते.

बार्देसचा बाबू
दोन वातींचं माझं म्हणणं मागे घेतो, ७.५ पुरतं. पण १० सेमीचा रुंद वाडगा आहे, त्याला तर दोन लागतीलच ना? अंतर किती ठेवायचं?

सत्तरीकर
हो, तिथे दोनच. दोघींमध्ये ४ सेमी, आणि प्रत्येक वात भिंतीपासून ३ सेमी. दोन्ही एकाच नंबरच्या. वाडग्याच्या अर्ध्या रुंदीला, म्हणजे ५ सेमीच्या ग्लासला जी वात लागेल ती धरून सुरुवात करा, दोन तळी जुळत नसतील तर एक नंबर वर. दोन्ही एकाच वेळी पेटवायच्या. एकच पेटवली तर दुसरीचं बूड वितळलेल्या मेणात सुटतं आणि ती कलते.

ओवळां
चवथीला करटीत (नारळाच्या करवंटीत) मेणबत्ती करायची होती. तोंड ९ सेमीचं आहे. मग ९ ची वात?

सासष्टीकर
इथे सावकाश. करटीला तोंडाचं माप घेऊन वात लावली तर घात होतो. करटी खाली निमुळती. वरचं मेण संपलं की तीच जाड वात ५ सेमीच्या खळग्यात जळायला लागते आणि ज्योत करटीच्या भिंतीजवळ येते. काच तापते, करटी पेटते. आपल्या घरांत चुलीत जळण म्हणून करट्या घालतात, हे विसरून चालणार नाही.

करायचीच तर माप तोंडाचं नको, करटीच्या निम्म्या उंचीवरची रुंदी घ्या. ती साधारण ७ असेल तर ७ ची वात. वरच्या कडेला मेण उरेल, उरू दे. मेण काठाच्या दीड सेमी खालपर्यंतच भरा. आतले सगळे केस घासून काढा, एकही तंतू राहिला तर तोच दुसरी वात होतो. वातीची चकती उंच मानेची घ्या; मान म्हणजे चकतीवरची वात धरणारी नळी. मान ६ मिलिमीटरची असली तर मेण तेवढं उरल्यावर ज्योतीला मेण मिळत नाही आणि ती आपोआप विझते.

फोंड्याची माई
मी याहून पुढे जाऊन म्हणते, करटीतली मेणबत्ती दुसऱ्या कोणाला देऊ नका. स्वतः समोर बसून लावा, हवं तर. सजावटीला करटी इतकीच आवडत असेल तर आत लहान काचेची वाटी बसवा आणि मेण त्या वाटीत. मग वातीचं मापही वाटीचं, सरळ हिशोब.

मातीच्या बोळक्याचंही तेच. कच्ची माती मेण पिते आणि मग भांडंच वातीसारखं पेटू शकतं. आतून ग्लेज केलेलं, म्हणजे काचेसारखा लेप दिलेलं असेल तरच घ्या.

बार्देसचा बाबू
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ग्लेजची भांडी मिळतात. पण वरचं तोंड आवळलेलं असलं तर घेऊ नका. तोंड लहान असलं की ज्योतीला हवा कमी पडते आणि धूर होतो. फेणीच्या बाटल्या कापून करतात त्यांचंही जपून. कापलेल्या काचेच्या काठाला बारीक चिरा असतात, तापल्यावर त्या पळतात.

दर्यादेखणी
खोबरेल मिसळतात त्याबद्दल सांगते, कारण आपल्याकडे ते घरोघरी असतं आणि हात आपोआप तिकडे जातो. खोबरेल २४ अंशांना वितळतं. गोव्यात वर्षाचा बराच काळ ते बाटलीत पातळच असतं. मेणात घातलं की मेण मऊ होतं, वितळायचं तापमान उतरतं आणि वात आपोआप मोठी पडते. मे महिन्यात मेणावर तेलाचे थेंब फुटतात. असा घाम दिसला तर पेटवण्याआधी कागदाने टिपून घ्यायचा, नाहीतर वातीभोवतीचं तेल एकदम भडकतं. त्यापेक्षा खोबरेल नकोच. मेण उन्हाळ्यात फार मऊ पडत असेल तर उलट २-३ टक्के स्टिअरिक ॲसिड घालून कडक करा. मग वातीची चाचणी पुन्हा, हे आलंच.

पेडण्याचा भाऊ
लाकडी वात? तडतड आवाज येतो तो फार छान वाटतो.

सत्तरीकर
छान वाटतो, पण जून ते सप्टेंबर तिचा भरवसा नाही. लाकूड दमट हवेतला ओलावा धरतं आणि ज्योत पाचव्या मिनिटाला मान टाकते. वापरायचीच तर सीलबंद डब्यात ठेवा, आणि कातरायची ती ३-४ मिलिमीटरवर, सुती वातीपेक्षाही आखूड. तिचं माप रुंदीवर असतं. ७-८ सेमीच्या ग्लासला साधारण १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीपासून सुरुवात करतात.

ओलावा सुती वातीलाही लागतो. वात मेण न चढवलेली असेल तर आधी चढवून घ्या: ७०-७५ अंशांच्या मेणात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, बाहेर काढून ताणून सरळ करायची, कागदावर वाळवायची. ते बुडबुडे म्हणजे धाग्यांतली हवा आणि दमटपणा. तो आत राहिला तर योग्य नंबरची वातही बारीक असल्यासारखी जळते आणि माणूस उगाच जाड वातीकडे जातो.

फोंड्याची माई
धातूच्या गाभ्याची वात हाती आली तर बघून घ्या. हल्ली गाभा जस्ताचा किंवा कागदाचा असतो. शिशाच्या गाभ्यावर अमेरिकेत २००३ पासून बंदी आहे, पण जुना माल कुठून येईल सांगता येत नाही. गाभा उघडा करून पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती वात टाकून द्या.

ओवळां
सगळ्यांचे मनापासून आभार. सीडी १०, १२, १४ मागवल्या. ग्लास ओतून मुरायला ठेवतेय. आकडे हाती आले की इथेच टाकते.

सासष्टीकर
वाट बघतो, बाय. खोलीचं तापमानही लिहा.

ओवळां
(महिन्याभराने)
आकडे आले. १४ दिवस मुरवलं, मग रोज चार तास, वात दर वेळी ५ मिलिमीटर. खोलीत २९ ते ३० अंश, पंखा बंद.

सीडी १०: पहिल्या दिवशी तळं ६.७ सेमी, कडेला ४ मिलिमीटर मेण उरलं. खोली ६ मिलिमीटर. ज्योत २ सेमी. तिसऱ्या जळण्यात काठ स्वच्छ झाला. ताशी ४.२ ग्रॅम. तळाशी एक सेमी उरेपर्यंत ज्योत २.५ च्या वर गेली नाही, काच कोमटच्या जरा वर.

सीडी १२: पहिल्याच दिवशी साडेतीन तासांत काठापर्यंत. सुंदर ज्योत. मला वाटलं हीच. ताशी ५.१ ग्रॅम. अर्ध्यापर्यंत उत्तम, पण शेवटच्या तिसऱ्या भागात ज्योत ३.५ सेमी, तळं १५ मिलिमीटर खोल, काठाला काजळी, काच धरवेना.

सीडी १४: दोन तासांत काठ, अळमी पहिल्या दिवशीच. तिसऱ्या जळण्यानंतर थांबवली.

सुगंध १० आणि १२ मध्ये सारखाच वाटला. दोन्ही खोल्यांत पोचतो.

सासष्टीकर
म्हणजे तक्त्याच्या एक खाली. १० घ्या.

फोंड्याची माई
मान्य. शेवटच्या तिसऱ्या भागाचे आकडे बघून मीही १० म्हणते. फक्त १० एकदा एसीत, २३-२४ अंशांत चार तास जाळून बघा. कडेला १ सेमीपेक्षा कमी मेण उरलं तर बिनधास्त.

ओवळां
काल बघितली, माई. २४ अंशांत कडेला ७ मिलिमीटर उरलं. दुसऱ्या जळण्यात ५ वर आलं.

गंधसार
मग झालं. ग्लासच्या तळाशी चिठ्ठी लावा: वात दर वेळी ५ मिलिमीटर, पहिल्यांदा पूर्ण चार तास जाळा, त्याहून जास्त एका दमात नको, पंख्याखाली नको, तळाशी एक सेमी उरलं की बंद. विझवायला फुंकर नको, झाकण घाला. आणि भडकलीच तर पाणी कधी ओतायचं नाही, गरम मेण उसळतं. ताटलीने झाकायची.

पेडण्याचा भाऊ
ओवळां ताई, आता चाफ्याची करणार असाल तर तेव्हाही इथे आकडे टाका. ग्लास हाच, मेण हेच?

ओवळां
हेच. चाफा ८ टक्के, सीडी ८, १० आणि १२. सोमवारी ओततेय.